ट्रेसल पुलाच्या सगळ्या चौकटींना एकच साचा

अमेरिकन पद्धतीचा लाकडी ट्रेसल पूल (ओळीने उभ्या केलेल्या चौकटींवर पेललेला रेल्वे पूल) मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात (१:८७) करताना दरीच्या उतारामुळे प्रत्येक चौकटीची उंची वेगळी निघते. प्रत्येकीचं वेगळं चित्र काढत बसलं की खांबांचे उतार हमखास चुकतात.

फक्त सर्वांत उंच चौकटीचं चित्र मॉडेलच्या पूर्ण मापात काढा. बाहेरचे खांब १२ इंच उंचीला साधारण ३ इंच तिरके, आतले १ इंच. मूळचे १२ इंची चौकोनी खांब इथे ३.५ मिमीचे होतात. चित्रावर बटर पेपर ठेवा आणि खांबांच्या कडेला पट्ट्या ठोकून साचा करा. वरची आडवी तुळई कायम त्याच जागी ठेवायची. बुटकी चौकट हवी असेल तर खांब खालून हव्या त्या रेषेवर कापा आणि तिथेच तळाची तुळई लावा. उतार तोच राहतो, म्हणून पूल समोरून पाहिला की सगळे खांब एका ओळीत दिसतात. ते बघताना फार समाधान वाटतं!

लाकडाला रंग मात्र चिकटवण्याआधीच द्या. फेव्हिकॉल लागलेल्या जागी रंग मुरत नाही, सांध्यांवर पांढुरके डाग उरतात.