युरोपात जुनी अमेरिकन गाडी: पेट्रोल आणि कराच्या या चुका टाळा

जर्मनीत जुनी व्ही-८ गाडी बाळगणारे बरेचजण लिटरमागे पाच-सहा सेंट वाचवायला गावाबाहेरचा पंप शोधत फिरतात. आधी हिशेब मांडू. वर्षाला ३,००० किलोमीटर, १०० किलोमीटरला २० लिटर, म्हणजे ६०० लिटर. १.८० युरो भाव धरला तर १,०८० युरो. ६ सेंट वाचले तर वर्षाचे ३६ युरो, त्यातले काही त्या पंपापर्यंत जाण्यातच जळतात.

आता कर. ५.७ लिटरचं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेलं इंजिन साध्या नंबरप्लेटवर असेल तर दर १०० सीसीला २५.३६ युरो लागतात, आणि अपुरं शतक पूर्ण धरलं जातं. ५,७३३ सीसीची ५८ शतकं, म्हणजे १,४७०.८८ युरो. तीच गाडी 'एच' प्लेटवर, म्हणजे ऐतिहासिक गाड्यांच्या नंबरप्लेटवर, असेल तर सरसकट १९१.७३ युरो, इंजिन कितीही मोठं असो. फरक १,२७९ युरोंचा, अख्ख्या वर्षाच्या पेट्रोलपेक्षा जास्त.

मॉडेल वर्षावर विसंबू नका

'एच' प्लेटसाठी पहिल्या नोंदणीला ३० वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. अमेरिकेत १९९६ चं मॉडेल १९९५ च्या शरद ऋतूतच शोरूममध्ये येई, आणि टायटलवर, म्हणजे तिथल्या मालकीच्या कागदावर, बहुतेक वेळा फक्त मॉडेल वर्ष असतं. त्यामुळे कधी महिने फुकट जातात, तर कधी अर्ज परत येतो. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर उत्पादनाचा महिना-वर्ष असतं. त्याचा फोटो आणि विक्रीची जुनी पावती फाइलला लावा.

दुसरी चूक बदलांची. तज्ज्ञ तपासणीत गाडी मूळ रूपाच्या जवळ हवी. त्या काळात होत असलेले बदल चालतात, पण १९६८ च्या गाडीत आजचं इंजेक्शनचं इंजिन आणि संगणक बसवला तर 'एच' मिळणं अवघड, आणि मिळालेली पुढच्या तपासणीत जाऊ शकते. 'एच' असेल तर शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं, हेही त्याबरोबर जातं.

मात्र 'एच' नेहमीच स्वस्त असते असं नाही. युरो २ या धूर-मानकाच्या वर्गात नोंदलेल्या २.३ लिटरच्या चार सिलिंडर गाडीला ७.३६ च्या दराने १६९.२८ युरोच बसतात. हिवाळ्यात गाडी झाकूनच ठेवायची असेल तर २०१७ पासून 'एच' आणि हंगामी प्लेट एकत्र मिळते: एप्रिल ते ऑक्टोबर घेतली तर सात महिन्यांचाच कर, साधारण ११२ युरो. फक्त बाकीच्या महिन्यांत ती सार्वजनिक रस्त्यावर नुसती उभी करणंही नियमबाह्य आहे.

आयातीचा कोड

सगळ्यात महाग चूक हीच. एजंट सीमाशुल्काच्या कागदावर सवयीने ८७०३, म्हणजे साधी मोटार, असा कोड लिहितो. किमान ३० वर्षं जुनी, मूळ अवस्थेतली आणि उत्पादन थांबलेली गाडी ९७०५ या संग्राह्य वस्तूंच्या कोडात बसते: सीमाशुल्क शून्य, जर्मनीत आयात व्हॅट ७ टक्के. ८७०३ वर नेहमीचा दर १० टक्के शुल्क आणि वर १९ टक्के व्हॅट. गाडी आणि जहाजभाडं मिळून २१,५०० युरो धरा: ९७०५ ने १,५०५ युरो, ८७०३ ने ६,६४३.५०. चासी, स्टिअरिंग, ब्रेक किंवा इंजिनात मोठा बदल असेल तर ९७०५ नाकारला जातो. म्हणून जहाज लागायच्या आधीच इंजिन क्रमांक आणि चासीचे फोटो एजंटकडे द्या, आणि कोड लेखी ठरवून घ्या.

ब्रिटनमध्ये गाडी ४० वर्षांची झाली की वाहनकर माफ होतो, पण आपोआप नाही. 'हिस्टॉरिक' वर्गात बदल करून घ्यावा लागतो, आणि शून्य पौंडाचा का असेना, दरवर्षी कर 'भरावा' लागतो. लंडनच्या युलेझमधून, म्हणजे जास्त धुराच्या गाड्यांना शुल्क लावणाऱ्या क्षेत्रातून, सूट मिळते. शहराच्या मध्यभागातला कंजेशन चार्ज (गर्दी शुल्क) मात्र द्यावाच लागतो.

पंपावर

अमेरिकन पुस्तकातलं ९१ ऑक्टेन आणि युरोपातलं ९५ जवळपास सारखंच आहे, कारण मोजण्याची पद्धत वेगळी. पण १९७० च्या आधीच्या अनेक पुस्तिकांत आकडा आरओएनचाच, म्हणजे युरोपातल्या पद्धतीचाच, असतो, तो बदलून वाचू नका. १९७१-७२ नंतर कॉम्प्रेशन साधारण ८.५ वर आलं; अशा इंजिनात १०२ ऑक्टेनचं पेट्रोल घालणं म्हणजे पैसा धुरात. १०.५ कॉम्प्रेशनचं साठच्या दशकातलं इंजिन मात्र ९८ शिवाय खडखडतं.

खरा प्रश्न इथेनॉलचा. आपल्याकडच्या ई२० ची चर्चा ऐकलेल्यांना हे नवीन नाही. ई१० मुळे, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे, जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाचा कप फुगतो किंवा चिरतो. टाकीत पाणी साचतं. हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं पातळ होतं. पंपावरच्या गोल लेबलवर 'ई५' बघून भरा. ई१० टाळता येत नसेल तर पाइप एसएई जे३० आर९ दर्जाचे घ्या, कार्ब्युरेटरचं रबर बदला आणि होली कंपनीचा कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट (पेट्रोल सोडणारी मुख्य छिद्रं) एक-दोन क्रमांक मोठे लावून प्लग तपासा.

गाडी जास्त पिते तेव्हा

आधी मोजमाप तपासा. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. २३५ ला अमेरिकन मैल-प्रति-गॅलनने भागलं की १०० किलोमीटरचे लिटर मिळतात: १२ मैलांना १९.६. मूळ जी७८-१५ टायरच्या जागी २३५/६० आर१५ लावले असतील तर व्यास सुमारे ६ टक्के कमी होतो, ओडोमीटर तितकं जास्त दाखवतं आणि गाडी उगाच काटकसरी वाटते.

मग गरम इंजिनावर एअर क्लीनर काढा. चोकची पट्टी उभी, म्हणजे पूर्ण उघडी, नसेल तर दोष तिथेच. नंतर ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पाइप: तो चिरला किंवा कुणीतरी बंद करून ठेवला की महामार्गावर वापर लगेच वाढतो. होलीमध्ये निष्क्रिय गतीला दोन्ही मिश्रण स्क्रू पूर्ण आत फिरवूनही इंजिन बंद पडत नसेल, तर पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागताना जादा पेट्रोल सोडणारी झडप) फाटल्याचा संशय घ्या. नवा निवडताना ऑटोमॅटिक गिअर ड्राइव्हमध्ये ठेवून उभ्या गाडीचा व्हॅक्यूम मोजून निम्मा करा. १३ इंच असेल तर ६.५ चा. पंपाचा दाब ५ ते ७ पीएसआयच्या वर असेल तर कार्ब्युरेटरमधली सुई पेट्रोल अडवू शकत नाही. शेवटी थर्मोस्टॅट: कुणी 'थंड राहावी' म्हणून १६० फॅरेनहाइटचा बसवला असेल तर पुस्तिकेतला, बहुधा १८० किंवा १९५ चा, परत लावा.