धरणाचा उघडा पडलेला तळ कसा वाचायचा

वैशाखात नाथसागर, म्हणजे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, मागे सरकतो आणि आमच्या गावाच्या अंगाला काळा गाळ लांबवर उघडा पडतो. लोक तिथं गाळपेर करतात, कोणी चारा पेरतं, कोणी टरबूज लावतं. मी आठवीची पोरं घेऊन तिथं बाहेरून आलेल्या माशांच्या, शंखांच्या खुणा मोजायला जाते. ‘बाई, सुकल्या तळात काय पाहू राहिले?’ असं म्हणत मासेमारी करणारे एक मामा दरवर्षी हसतात, अन् दरवर्षी सोबतही येतात.

हे खूळ डोक्यात शिरलं ते समुद्रामुळं. मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या भाच्यानं खांबाला चिकटलेल्या बारीक शिंपल्यांच्या झुबक्याचा फोटो पाठवला होता. अशीच एक शिंपली मध्य अमेरिकेकडून जहाजांबरोबर आपल्याकडं आलेली आहे. भारतात १९६७ मध्ये विशाखापट्टणमला तिची पहिली नोंद झाली, पुढं ती मुंबईतही सापडली. एकीवर एक बसत ती खालच्या जिवांना जागाच ठेवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदरात १९९९ मध्ये ती दिसली, तर त्यांनी बोटींचे धक्के बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं, तेव्हा ती गेली. समुद्राचा तळ बघायला पाणबुडे लागतात. आपला तळ उन्हाळ्यात आपणहून वर येतो, आणि त्यातही परके बसलेले आहेत.

जागा साधी निवडा. गावचा पाझर तलाव असेल तर उत्तम. जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारूनच जा आणि पक्षी बसलेत तिकडं फिरकू नका. भेगा पडलेल्या गाळावरून चाला. ओल्या, चकाकणाऱ्या गाळात आधी काठी खुपसा, मग पाय. माझी एक चप्पल अजून तिथंच आहे.

सामान घरचंच: चार काठ्या बांधून केलेली मीटरभर बाजूची चौकट, वीस मीटर दोरी, गव्हाची चाळण, बादली, स्टीलची ताटली, वही. फोटो काढताना शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटर रुंद असतं, म्हणजे नंतर माप काढता येतं. पाण्याच्या काठाला समांतर दोरी ताणायची, दर दोन मीटरवर चौकट टाकायची आणि चौकटीतलं सगळं मोजायचं. मनाला येईल तिथं चौकट टाकू नका. पोरं नेमकी जिथं शिंपले दिसतात तिथंच टाकतात, मग आकडे फुगतात.

आधी खड्डे. गोल, उथळ, ताटासारखे, एकमेकांना लागून असतील तर ती बहुतेक चिलापी (तिलापिया) माशाची घरटी. ही मूळची आफ्रिकेची, भारतात १९५२ मध्ये आणली. नर शेपटीनं आणि तोंडानं तळ उकरतो, मादी अंडी तोंडात घेऊन निघून जाते. जिथं असे खड्डे दाटीनं पडतात तिथली तळातली वनस्पती उपटली जाते. पहिल्या वर्षी आम्ही म्हशींचे पाय समजून अर्धे खड्डे सोडून दिले होते. मामांनी दाखवलं: म्हशीचा पाय खोल, दुभंगलेला आणि एका ओळीत चालत जातो, चिलापीच्या खड्ड्याला सगळीकडून सारखा काठ असतो.

उभ्या काठात आडवी, खोल बिळं असतील तर पाठीवर चिलखत असलेल्या सकर माशाचा संशय घ्या, पण खेकड्याचं बीळ आधी वगळा. हा मासा शोभेच्या टाकीतून येतो.

मग शंख. गाळ चाळणीत धुवा, वर राहतील ते शंख पसरा. शंखाचं टोक आभाळाकडं, तोंड तुमच्याकडं धरा. तोंड उजव्या हाताला आलं तर बहुतेक आपलाच. डाव्या हाताला आलं, शंख पातळ, नखाएवढा आणि टोकदार असेल, तर तो फायसा, मूळचा उत्तर अमेरिकेतला. चकतीसारखे चपटे शंख या परीक्षेत धरू नका, ते इथलेच आहेत आणि उगाच फसवतात. पोरांना हा खेळ फार आवडतो. घरी गेल्यावर आईच्या शिंपल्यांच्या माळेतलेही शंख तपासून येतात.

चाळणीत लाल, वळवळणाऱ्या अळ्या पुष्कळ निघाल्या आणि गाळाला सडक्या अंड्याचा वास आला, तर वर जलपर्णी सडली होती का ते विचारा. ती कुजताना तळाचा प्राणवायू खाते. अळ्या लाल असतात त्या हिमोग्लोबिनमुळं, म्हणून कमी प्राणवायूतही तग धरतात. त्या स्वतः परक्या नाहीत, फक्त चुगली करतात.

उरलेल्या पाण्यात ताटली दोरीनं सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहा. सायप्रिनस हा बाहेरून आणलेला मासा तळात तोंड खुपसून गाळ चघळतो, पाणी गढूळ होतं, उजेड खाली पोचत नाही. पण उथळ पाणी वाऱ्यानंही ढवळतं, म्हणून हे काम सकाळी, वारा पडलेला असताना करा. आम्ही एकदा दुपारी केलं आणि सगळा दोष माशाला दिला.

मामांशी एका गोष्टीवर माझा वाद आहे. ‘चिलापी नसती तर आम्ही काय विकलं असतं?’ असं ते विचारतात, आणि मला उत्तर देता येत नाही. म्हणून वहीत परक्यांच्या शेजारी मरळ, वाम, शिंगाळा हे इथले मासे किती सापडले तेही लिहितो. परका म्हणजे परदेशीच असंही नाही. आपण गोदावरीला गंगा म्हणतो, पण रोहू उत्तरेतल्या गंगेकडचा. इथं तो सोडलेला आहे.

जिवंत काही सापडलं तर दुसऱ्या तलावात नेऊ नका, बादलीतलं पाणीही तिथंच काठावर, मातीत ओता. चाळण, दोरी, चपला दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

पुढच्या वर्षी तीच जागा सापडावी म्हणून दोरीच्या दोन्ही टोकांना चुना लावलेले दगड रोवा. ज्याची गाळपेर शेजारी आहे त्याला आधी सांगून ठेवा. आमचे पहिले दोन दगड त्यानं बांधाला लावले.