नकाशा जमिनीवर आखा, मग लोकांना विचारा

"लोक सूचनाच देत नाहीत हो," हे वाक्य प्रभाग कार्यालयात मी जितक्या वेळा ऐकलंय तितकं दुसरं कुठलं ऐकलं नसेल. मी सतरा वर्षं नवी मुंबईच्या वस्त्यांमध्ये समूह संघटक म्हणून काम करते, दिघ्यापासून कोपरखैरण्यापर्यंत. माझा अनुभव उलटा आहे. लोक भरभरून बोलतात. आपण त्यांना कळेल असं विचारत नाही, आणि त्यांनी सांगितलेल्याचं पुढे काय झालं हे सांगायला परत जात नाही. या कामात नव्याने आलेले कनिष्ठ अभियंते, समूह संघटक आणि सोसायटी-मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासाठी मी हे काम कसं करते ते लिहिते आहे.

विचारायला जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: यातलं काय अजून बदलू शकतं? निविदा निघाली असेल, कार्यादेश दिला असेल, तर "तुमचं मत सांगा" म्हणत फिरू नका. ती माहिती द्यायची बैठक आहे, तशीच बोलवा. मी वहीचं पान उभं दुमडते. डावीकडे ठरलेलं, उजवीकडे ठरायचं बाकी. नाल्याची रुंदी पावसाच्या पाण्याच्या हिशोबाने ठरते, ती डावीकडे. नाल्यावरचा साकव नेमका कुठे टाकायचा, पायऱ्या ठेवायच्या की उतार, दिवा कुठल्या बाजूला, हे उजवीकडे. वस्तीत गेल्यावर दोन्ही बाजू वाचून दाखवते. डावी बाजू लपवली की लोक तिच्यावरच दोन तास भांडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

वेळेचंही तसंच. महापालिकेचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण अंदाजपत्रकात काय घालायचं याची जुळवाजुळव हिवाळ्यातच होते. फेब्रुवारीत गोळा केलेली मागणी वर्षभर लांबते. गणपती उठले की कामाला लागायचं आणि डिसेंबरच्या आत यादी खात्याकडे द्यायची, हा माझा शिरस्ता. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेते. ती पद्धत बघून घ्या, त्यातलं बरंच आपल्याकडे प्रभाग पातळीवर करता येतं.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांना कुणी सांगत नाही. हे शहर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नियोजनाने वसलं. ते वसवण्यासाठी सिडको ही सरकारी संस्था १९७० साली स्थापन झाली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या जमिनीच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचं धोरण त्या लढ्यातून आलं. आगरी-कोळी घरात तुम्ही नकाशाची गुंडाळी घेऊन शिरलात की आजोबांना आधी ते आठवतं. पहिल्या भेटीत गुंडाळी नेऊच नका. चहा घ्या, ऐका, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगा, उठा. नकाशा दुसऱ्या भेटीत.

मोबाइलवर काय पाठवायचं

व्हॉट्सअ‍ॅपचं काम लोकांना जागेवर आणण्याचं. निर्णय तिथे घेऊ नका. "नागरिकांनी आपल्या सूचना पाठवाव्यात" या निरोपाला दोन हात जोडलेले इमोजी येतात आणि विषय संपतो. निरोपात एकच जागा, एकच प्रश्न, एकच तारीख असावी. सोबत त्या जागेचा फोटो, त्यावर जाड बाणाने खुणा केलेल्या. मी पाठवते तो नमुना असा:

"नमस्कार. फोटोतल्या शाळेच्या फाटकासमोर रस्ता ओलांडण्यासाठी पट्टे आखायचे आहेत. 'अ' फाटकासमोर, 'ब' रिक्षा स्टँडजवळ, 'क' दवाखान्याच्या कोपऱ्यावर. तुमची मुलं कुठून ओलांडतात, आणि का? बोलून पाठवलंत तरी चालेल. शनिवारी सकाळी साडेआठ वाजता आम्ही तिथेच उभे आहोत, पाच मिनिटं या."

"बोलून पाठवलंत तरी चालेल" ही ओळ विसरू नका. लिहायला बिचकणाऱ्या बायका आवाजी निरोपात तीन मिनिटं बोलतात, आणि त्यात असलं काही सांगतात की कुठल्याही अर्जात आलं नसतं. ते निरोप त्याच दिवशी ऐकून वहीत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. "नाल्याचं पाणी देव्हाऱ्यापर्यंत येतं" हे "पाणी साचण्याची समस्या" करून टाकलं, की पाणी किती चढतं ते हातातून गेलं.

ग्रुपमध्ये कोण नाही हेही बघा. सोसायटीच्या ग्रुपवर फ्लॅटचा मालक असतो, तो पुण्याला राहतो. घरात राहणारा भाडेकरू त्या ग्रुपवर नसतो. बऱ्याच ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतो. घरकाम करणाऱ्या ताया, सुरक्षारक्षक, भाजीवाले, फेरीवाले रस्ता सगळ्यांत जास्त वापरतात आणि कुठल्याच ग्रुपवर नसतात. म्हणून मी मतचाचणीवर कामाची जागा ठरवत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तरुण मुलं भेटतात. त्यांच्यासाठी त्या जागेचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ त्यांच्यापैकीच कुणाकडून करून घ्या. ऑनलाइन फॉर्म करायचाच तर मराठी आणि हिंदीत, चार प्रश्नांचा.

लोकांचे नंबर आणि पत्ते असलेला कागद कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहेच. पण कायदा नसता तरी तक्रार करणाऱ्या बाईचा नंबर गल्लीभर जाणं बरं नाही. आणि आचारसंहिता लागली की हे सगळं थांबवून आधी वरिष्ठांना विचारा.

वस्तीत कधी जायचं

कार्यालयाच्या वेळेत गेलात तर दारं बंद दिसतात. दिघा, इलठणपाडा भागात नळाला पाणी कधी येतं ते आधी विचारून घ्या. पाणी असताना कुणी तुमच्याशी बोलणार नाही, पाणी गेल्यावर अर्ध्या तासाने सगळ्या बायका ओट्यावर बसलेल्या असतात. कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत, भाजीपाला बाजारात रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला झोपलेला असतो, त्याला उठवून रस्त्याबद्दल विचारू नका. संध्याकाळी पाचची वेळ बरी. कारखान्यात जाणाऱ्यांची सुट्टी रविवारीच असेल असं नाही, तेही विचारा. खाडीकाठच्या कोळीवाड्यात कॅलेंडर उघडून तिथी बघा: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाला पुरुष खाडीवर असतात, अष्टमीच्या आसपास भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, घरी भेटतात.

सोबत खात्याचा अभियंता हवाच. निरोप्या पाठवू नका. लोकांनी सांगितलेलं ऐकून जागच्या जागी "इथून जलवाहिनी जाते, खणता येणार नाही" असं सांगणारं कुणी नसेल, तर ती भेट नुसती फेरी होते.

फक्की

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते. कागदावरचा नकाशा बहुतेकांना वाचता येत नाही, आणि ते कबूल करायला संकोच वाटतो. माना डोलवतात, सही करतात. म्हणून मी प्रस्तावित काम जमिनीवर आखून दाखवते. क्रिकेटच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की, एक पोतं, एक सुतळी, मोजपट्टी आणि मुकादमाची दोन माणसं. बस.

खाडीकाठच्या एका गावात मोकळ्या जागेवर बाग करायची होती. चालण्याची वाट, बाकं, मध्ये हिरवळ. ग्रुपवर चित्र टाकलं, सगळ्यांनी अंगठे दाखवले. देवळात बैठक घेतली, तिथेही हरकत नाही. मग एका सकाळी आम्ही सुतळी धरून ती बाग जशीच्या तशी जमिनीवर आखली. फक्कीची पांढरी रेघ वळण घेऊन मधोमध आली तशा घराघरातून बायका बाहेर आल्या. एक मावशी पदर खोचून थेट हिरवळीच्या जागी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "बाय, हितं बाग केली त मावरा कंय सुकवाचा?"

मावरा म्हणजे मासळी. पावसाळा सरला की ते पटांगण जवळा सुकवायला लागतं, कडेला जाळी पसरून शिवतात. आमच्या नकाशावर ती जागा कोरी होती. आम्ही आलो होतो पावसाळा सरायच्या आत, तेव्हा तिथे गवताखेरीज काही नव्हतं. ग्रुपवर चित्र बघून अंगठे देणारे तिचेच मुलगे-पुतणे होते; सुकवण्याचं काम बायकांचं, त्या ग्रुपवर नव्हत्या.

मावशीनेच मग दाखवलं: ऊन कुठपर्यंत येतं, वारा कुठून, कावळे कुठल्या झाडावर बसतात. अभियंत्याने पायाने जुनी रेघ पुसली, सुतळी सरकवली, आणि वाट कुंपणाच्या कडेने घेतली. मधला भाग ओटा म्हणून मोकळा ठेवायचा ठरलं. पाऊण तास लागला. बायकांनी तिथे नळही मागितला. तो त्या कामात बसत नव्हता, तसं तिथेच सांगितलं आणि मागणी पाणीपुरवठ्याकडे पाठवायची म्हणून वेगळी लिहून घेतली.

तुम्ही आखाल तेव्हा निदान तासभर थांबा. लोकांना रेघेवरून चालू द्या. म्हाताऱ्या माणसाला काठीसकट चालू द्या, पाटी डोक्यावर घेतलेल्या बाईला वळू द्या, रिक्षावाल्याला रिक्षा वळवून बघू द्या. बदललेली रेघ मोजून, फोटो काढून, कागदावर उतरवूनच निघा. फक्की पावसाने जाते.

विकास आराखडा असेल तर

शहरातली कुठली जमीन कशासाठी हे हा आराखडा ठरवतो. इथे रीत वेगळी, आणि लोक नेमके इथेच फसतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस असतात. कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढे सुनावणी होते. नवी मुंबईचा प्रारूप आराखडा २०२२ मध्ये आला, ठाण्याचा सुधारित प्रारूप २०२४ मध्ये. फेसबुकवर केलेली टिप्पणी, कितीही कळकळीची असो, हरकत म्हणून धरली जात नाही. लेखी द्यावं लागतं, मुदतीत, सहीनिशी. म्हणून समाजमंदिरात दोन संध्याकाळी टेबल मांडा आणि लोकांना अर्ज लिहायला मदत करा: सेक्टर आणि भूखंड किंवा सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, काय बदल हवा, का हवा. शंभर जणांनी एकाच छापील कागदावर सह्या करण्यापेक्षा दहा जणांनी आपापलं कारण लिहिलेलं बरं. दोन प्रती काढा, एकीवर शिक्क्यासह पोच घ्या. सुनावणीची तारीख कळली की त्याच ग्रुपवर आदल्या दिवशी पुन्हा आठवण द्या. पोच जपून ठेवलेली माणसं सुनावणीलाच विसरतात.

परत जा

माझ्या सुरुवातीच्या काळात एका कामासाठी आम्ही वस्तीतून तीन वह्या भरून सूचना आणल्या. त्या एका कपाटात गेल्या आणि तिथेच राहिल्या. पुढच्या वर्षी मी त्याच गल्लीत गेले तेव्हा एका ताईंनी शांतपणे विचारलं, "मागच्या वेळी लिहून नेलंत, त्याचं काय झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी दार लावून घेतलं. त्या गल्लीत पुन्हा कुणी मनापासून बोलायला मला चार वर्षं लागली.

तेव्हापासून प्रत्येक सूचनेला मी क्रमांक देते आणि तो सांगणाऱ्याला तिथेच चिठ्ठीवर लिहून देते. पंधरा दिवसांच्या आत त्याच गल्लीत परत जाते. उत्तर तीनपैकी एक असतं: घेतलं; घेता येत नाही, कारण अमुक; किंवा हे आपल्या हातात नाही. आपल्याकडे तिसरं उत्तर फार येतं, कारण जमीन कुठे सिडकोची, कुठे एमआयडीसीची, विजेचा खांब महावितरणचा आणि भिंत रेल्वेची. अशा वेळी "तिकडे जा" म्हणू नका. पत्र तुम्ही पाठवा आणि त्याचा जावक क्रमांक लोकांना द्या. "नाही" हे उत्तरसुद्धा लोक ऐकून घेतात. कारण खरं असावं लागतं आणि ते समोर उभं राहून सांगावं लागतं.

उत्तरांचा तक्ता ग्रुपवर टाका, नावांशिवाय, नुसत्या क्रमांकांनी. तोच तक्ता छापून रेशन दुकान, अंगणवाडी आणि पिठाच्या गिरणीबाहेर लावा. काम पूर्ण झालं की त्याच कोनातून पुन्हा फोटो काढा, खाली सूचनेचा क्रमांक लिहा आणि आधीच्या फोटोसोबत पाठवा. त्या गावातल्या बागेचा असा फोटो मी टाकला त्याला अंगठे आले तेवढेच आले. पण ऑक्टोबरात मावशीच्या नातीने एक फोटो पाठवला: कुंपणाच्या कडेने नवी वाट, मध्ये ओट्यावर पसरलेला जवळा, आणि खाली विचारलेलं, "आत्या, नळाच्या पत्राचं काय झालं?" तो जावक क्रमांक घेऊन मी सोमवारी पाणीपुरवठ्यात जाते आहे.