नवे गेम घ्यायचे की पीएस५? पैसे घालण्याआधी या चुका टाळा

कापसाचे पैसे आले, केळीचा घड कटला, नाहीतर कंपनीतला दिवाळी बोनस पडला की जळगाव-धुळ्याकडच्या पोरांच्या ग्रुपवर एकच चर्चा सुरू होते. भो, घरच्या जुन्या पीएस४साठी दोन-तीन नवे गेम घेऊ का थोडे अजून टाकून सरळ पीएस५ घेऊ? (पीएस म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन, टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, त्यालाच कन्सोल म्हणतात.) आणि मग जो आधी रिप्लाय देतो त्याचं ऐकून माणूस मोकळा होतो. गडबड तिथूनच सुरू होते, कारण बहुतेकांचं अडलेलं ना गेममुळे असतं ना कन्सोलमुळे, अडलेलं असतं भलतीकडेच. कुठे धुळीत, कुठे टीव्हीत, कुठे नेटमध्ये. ते न बघता पन्नास हजार ओतले तर अडचण नव्या डब्यासोबत पण तशीच राहते.

पहिली चूक: गरम होतो म्हणून "जुना झाला" समजणं

ही आपल्याकडची खास चूक, म्हणून इथं जरा जास्त बोलतो. पीएस४ जेट विमानासारखा आवाज करायला लागला, मधेच खूप गरम झाल्याचा मेसेज आला आणि बंद पडला की लोक म्हणतात संपला हा, आता पीएस५च. अहो पण सोनीच्या स्वतःच्या कागदावर लिहिलंय की कन्सोल ५ ते ३५ डिग्रीत वापरा, पीएस४ला पण आणि पीएस५ला पण. आता भुसावळला मे महिन्यात दुपारी पारा ४५च्या वर जातो, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत काय हाल असतील ते तुम्हालाच माहीत. म्हणजे नवा घेतला तरी त्याच खोलीत त्याच दुपारी तो पण घामाघूम होणारच आहे. उन्हाळ्यात खेळायचं तर सकाळी नाहीतर रात्री, दुपारी आखाजीचे झोके खेळा, कन्सोलला झोपू द्या.

दुसरं म्हणजे धूळ. ज्यांच्या घराजवळ जिनिंग आहे किंवा घरातच कापूस भरून ठेवलेला असतो त्यांच्या कन्सोलमध्ये नुसती धूळ नसते, बारीक तंतू फॅनमध्ये आणि हीटसिंकमध्ये (उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या भागात) जाऊन बसतात आणि हवा जायची वाटच बंद होते. चार-पाच वर्षं न उघडलेला पीएस४ एकदा नीट साफ करून नवी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) लावली की पुष्कळदा आवाज निम्म्यावर येतो, खर्च एका नव्या गेमपेक्षा कितीतरी कमी. ब्लोअर मारताना फॅन बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, तो गरगर फिरू देऊ नका. पीएस५ची गोष्ट मात्र वेगळी, त्याच्यात थर्मल पेस्टऐवजी लिक्विड मेटल असतं, ते सांडलं तर बोर्ड जाऊ शकतो, त्यामुळे मोबाईल रिपेअरवाला म्हणाला "हो करतो ना दादा" तरी देऊ नका. घरी फक्त बाजूच्या प्लेटा काढा, धूळ काढायला दिलेली भोकं व्हॅक्यूमने साफ करा, बस.

आणि कूलर! कन्सोल गरम होतो म्हणून डेझर्ट कूलरच्या समोर ठेवणारे लोक मी स्वतः पाहिलेत. कूलरची हवा गार असते पण ओली असते, आणि इलेक्ट्रॉनिक्सला ओलावा चालत नाही. साधा टेबल फॅन परवडला. टीव्हीच्या शोकेसमध्ये काचेच्या मागं कोंबून ठेवलेला असेल तर आधी बाहेर काढा, भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर जागा सोडा. एवढं करून पण बंद पडत असेल तर मग बोलू अपग्रेडचं.

लाईट गेली, डेटाबेस बिघडला, आणि पोरगं म्हणतं नवीन घ्या

गेम सेव्ह होत असताना लाईट गेली तर पीएस४ पुढच्या वेळी चालू करताना नीट बंद केला नव्हता म्हणून कुरकुर करतो आणि स्टोरेज तपासत बसतो. असं वारंवार झालं की मेनू अडकतो, गेम उघडत नाही, सीई-३४८७८-० असा एरर येऊन गेम आपटतो. हे कन्सोल म्हातारा झाल्याचं लक्षण असेलच असं नाही. पूर्ण बंद करा, पॉवर बटण दाबून धरा, दुसरी बीप साधारण सात सेकंदांनी येते तेव्हा सोडा, सेफ मोड (दुरुस्तीचा साधा मेनू) उघडतो. त्यात पाच नंबरला रीबिल्ड डेटाबेस (फायलींची यादी नव्याने बांधणं) आहे ते करा, याने गेम आणि सेव्ह (तुम्ही कुठवर खेळलात त्याची नोंद) जात नाहीत. सहा आणि सात नंबरला मात्र हात लावू नका, त्याने सगळं पुसलं जातं. पीएस५ला पण पाच नंबरच, तिथं कॅश (तात्पुरत्या फायली) साफ करायचा पर्याय पण त्याच्यातच आहे.

आणि सेफ मोडमध्ये "कंट्रोलर कनेक्ट करा" म्हणून अडकला असेल तर घाबरू नका, तुमची केबल फक्त चार्जिंगची असते, डेटावाली केबल लावा. किती लोक इथंच हरतात आणि कन्सोल रिपेअरला देऊन येतात.

कायमचा उपाय म्हणजे छोटा यूपीएस, लाईट गेल्यावर बॅटरीवर थोडा वेळ वीज देणारा डबा. पीएस५ खेळताना २०० वॅटच्या आसपास घेतो, त्यात टीव्ही धरा, तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस तासभर खेळायला नाही पण गेम सेव्ह करून नीट बंद करायला पुरतो. लोडशेडिंगच्या गावात पीएस५ घेणार आणि यूपीएसला पैसे नाहीत म्हणणार, हे काही पटत नाही.

टीव्ही न बघता कन्सोल बघणं

घरात ३२ इंची एचडी रेडी टीव्ही आहे आणि पीएस५ घ्यायचाय फोरकेसाठी, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारीक चित्रासाठी. फोरके दिसणार कुठे? तो टीव्ही मुळात फुल एचडी पण दाखवत नाही. हां, फायदा शून्य आहे असं नाही, लोडिंग झपकन होतं, बरेच गेम सेकंदाला ३०ऐवजी ६० फ्रेमवर (चित्रांवर) चालतात आणि ते कुठल्याही टीव्हीवर जाणवतं. पण १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं), एचडीआर (जास्त उजळ-गडद रंग) वगैरे बोलून दुकानदार भुलवत असेल तर आधी घरच्या टीव्हीचा मॉडेल नंबर टाकून बघा. कॉम्प्युटरचा १४४०पी (फुल एचडी आणि फोरकेच्या मधला) मॉनिटर असेल तर पीएस५ तो पण चालवतो, सप्टेंबर २०२२च्या अपडेटपासून.

एसएसडी टाकली की सगळं होतं, ही अर्धी गोष्ट

पीएस४मध्ये लॅपटॉपची २.५ इंची साटा डिस्क असते, ती काढून एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) टाकता येते, वॉरंटी पण त्याने जात नाही. लोडिंगला चांगलाच फरक पडतो. पण फ्रेम रेट वाढणार नाही, ग्राफिक्स सुधारणार नाहीत, प्रोसेसर तोच २०१३चा राहतो. म्हणजे लोडिंगचा कंटाळा आला असेल तर घ्या, गेम अडखळतो म्हणून घेत असाल तर पैसे वाया. टाकताना एक चूक हमखास होते, सोनीच्या साइटवर दोन फायली असतात, अपडेटची छोटी आणि रीइन्स्टॉलची मोठी. नव्या डिस्कला मोठीच लागते, छोटी टाकून "फाईल सापडत नाही" म्हणत बसू नका. आणि आधी सेव्ह डेटा पेनड्राईव्हवर काढून घ्या.

फक्त जागा कमी पडत असेल तर एवढं पण नको, यूएसबी ३.०ची बाहेरची हार्डडिस्क लावा, पीएस४चे गेम त्याच्यावरून चालतात. तीच डिस्क उद्या पीएस५ला लावली तर पीएस४चे गेम तिथं पण चालतील. पीएस५चे गेम मात्र त्याच्यावर नुसते ठेवता येतात, खेळता येत नाहीत, त्यासाठी आतली जागा किंवा कन्सोलच्या आत बसवायची एम.२ एसएसडीच लागते.

आता मुद्द्याचं: तुम्ही खेळता काय?

यादी काढा भाऊ, कागदावर. पुढच्या वर्षभरात खेळायचेच असे गेम. मग एकेकापुढे लिहा पीएस४वर आहे का. गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक, होरायझन फॉरबिडन वेस्ट, एल्डन रिंग हे सगळे पीएस४वर आहेत. स्पायडर-मॅन २ आणि ॲस्ट्रो बॉट नाहीत. जीटीए ६ पण पीएस४वर नाही, तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस एवढ्यांसाठीच जाहीर केलाय. यादीतले बहुतेक गेम पीएस४वर असतील तर अपग्रेडची घाई नाही. आणि तुम्ही रोज संध्याकाळी चार मित्र बसून फुटबॉल आणि जीटीए ५च खेळत असाल तर पन्नास हजार घालून पण तेच दोन गेम खेळणार आहात, खरं सांगतोय.

पण एक गेम नावापुरता पीएस४वर आहे म्हणून लगेच पण घेऊ नका. सायबरपंक २०७७ आठवतो ना, डिसेंबर २०२०ला आला तेव्हा जुन्या कन्सोलवर इतका खराब चालत होता की सोनीने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला, परत आला थेट जून २०२१ला. जुन्या कन्सोलवर प्री-ऑर्डर कधीच नाही, आठवडाभर थांबा, यूट्यूबवर तुमच्याच कन्सोलवरचा व्हिडिओ बघा, पीएस५वरचा नाही.

पैशाचा हिशोब पण लोक अर्धाच करतात. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल (डिस्क टाकायची सोय नसलेला, नेटवरूनच गेम उतरवायचा) ३९,९९० होता, नंतर दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले. त्याच्यावर नवा गेम चार-पाच हजारांचा, ऑनलाइन खेळायला पीएस प्लस ही सोनीची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप (फोर्टनाईटसारख्या फुकट गेमना लागत नाही), दुसरा कंट्रोलर. हो, दुसरा कंट्रोलर, कारण जुना ड्युअलशॉक ४ पीएस५ला जोडला तरी त्याने फक्त पीएस४चेच गेम खेळता येतात. कन्सोल घेतला आणि गेमला पैसे उरले नाहीत म्हणून महिनोन्महिने सोबत आलेला ॲस्ट्रोज प्लेरूमच खेळत बसलेले लोक आहेत. कन्सोलच्या किमतीवर दहा-बारा हजार बाजूला निघत नसतील तर यंदा थांबा, सणासुदीला सूट येतेच.

मधल्या काळात काय घ्यायचं? माझं स्पष्ट मत, पीएस४च्या डिस्क घ्या, त्यातही सेकंडहँड. त्या पुढे डिस्कवाल्या पीएस५मध्ये चालतील, काहींना पीएस५चं व्हर्जन फुकट मिळतं, द विचर ३ला मिळतं तसं, आणि खेळून झाल्यावर विकता येतात. स्टोअरवर सेल नसताना पूर्ण किमतीला पीएस४चा डिजिटल गेम घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पीएस प्लसच्या भरवशावर पण राहू नका, जानेवारी २०२६पासून मेंबरना दर महिन्याला मिळणाऱ्या गेममध्ये पीएस४च्या गेमवर भर द्यायचा नाही असं सोनीने आधीच सांगून टाकलंय.

डिजिटल स्वस्त पडतो, पण तुमच्या गावात नाही

जळगाव-धुळ्यात फायबर असेल तर ठीक. यावल-रावेरकडे, नाहीतर साक्री-तळोद्याकडच्या गावात मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर चालवत असाल तर शंभर जीबीचा गेम उतरायला दोन महिने जातील. डिजिटल एडिशन किंवा एक्सबॉक्स सिरीज एस स्वस्त दिसतो, पण सिरीज एसला डिस्क टाकायची सोयच नाही, साध्या मॉडेलला जागा पण ५१२ जीबीच, आणि सेकंडहँड डिस्कचा रस्ता कायमचा बंद. पीएस५ स्लिमला डिस्क ड्राईव्ह नंतर जोडता येतो, पहिल्यांदा नेट लागतं एवढंच.

"हजार रुपयात पाच हजारांचा गेम" असं टेलिग्रामवर अकाउंट विकणारे असतात, त्यांच्या नादी लागू नका. तो दुसऱ्याचा आयडी असतो, सोनीच्या नियमात बसत नाही, त्याने पासवर्ड बदलला की गेम गेला आणि तक्रार कुणाकडे करणार? डिस्क घेताना पण रीजन बघा. डिस्क कुठलीही चालते, पण दुबईहून आणलेल्या डिस्कला भारतीय अकाउंटवरून घेतलेला डीएलसी (गेमला नंतर जोडायचा जादा भाग) बरेचदा चालत नाही.

जुना विकताना आणि वापरलेला घेताना

पीएस५ यायच्या आधीच पीएस४ विकून टाकतात आणि मग सेव्ह आठवतात. दोन्ही एकाच वायफायवर ठेवून डेटा ट्रान्सफर करा, किंवा पेनड्राईव्हने न्या, मग अकाउंट डीॲक्टिव्हेट करून रीसेट मारा आणि मग विका. एक लक्षात असू द्या, पीएस४ला सेव्ह पेनड्राईव्हवर काढता येतात, पीएस५च्या गेमचे सेव्ह काढता येत नाहीत, तिथं क्लाउडच (सोनीच्या सर्व्हरवरची जागा) लागतो आणि त्याला पीएस प्लस लागतं.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये घ्या नाहीतर ओळखीतून घ्या, वापरलेला कन्सोल नुसता चालू करून बघू नका, अर्धा तास जड गेम चालवा, एक डिस्क टाकून बघा, एचडीएमआयची पिन हलवून बघा चित्र जातंय का, कंट्रोलरच्या दोन्ही स्टिक सोडून ठेवल्यावर कॅमेरा आपोआप फिरतोय का ते बघा. तिथंच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करा, सोनीने बॅन केलेला (ऑनलाइनवरून हाकललेला) असेल तर तिथंच कळेल. "जेलब्रेक केलाय, सगळे गेम फुकट" म्हणाला, म्हणजे कन्सोलचं सॉफ्टवेअर कुलूप तोडलेलं असेल, तर ऑनलाइन खेळणं विसरा. मूळ बिल मागा आणि त्यावरचा सिरीयल नंबर कन्सोलच्या मागच्या नंबरशी जुळवा, जुळत नसेल तर दोन हजार कमी करतो म्हणाला तरी घेऊ नका.