शाळा, दवाखाना आणि घर यांच्यामध्ये मूल अडकतं तेव्हा: या चुका टाळा

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा किंवा शिरूर कासारच्या एखाद्या शाळेतला पाचवीचा मुलगा धरा. मारामाऱ्या करतो, वही लिहीत नाही, तास चालू असताना उठून निघून जातो. आई-वडील ऊसतोडीला जातात, वडील पितात, घर आजी सांभाळते. या मुलासाठी यंत्रणा कमी नाहीत. शाळा आहे, आशाताई आहेत, शाळा-अंगणवाडीत मुलांची आरोग्य तपासणी करणारं आरबीएसकेचं पथक आहे, जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. तरी वर्ष सरतं आणि मुलगा होता तिथेच असतो. प्रत्येकाने आपलं काम केलेलं असतं, फक्त एकाच्या कामाचा दुसऱ्याच्या कामाशी सांधा कुणी जुळवलेला नसतो. शिक्षक, अंगणवाडीताई, समुपदेशक आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहिते आहे, कारण सांधा जुळवायचा तर तो यांच्यापैकीच कुणीतरी जुळवणार.

चिठ्ठी दिली की काम झालं असं समजणं

सगळ्यात जास्त मुलं इथेच सुटतात. ‘पुढील तपासणीसाठी पाठवत आहे’ एवढी एक ओळ घेऊन आई सकाळच्या एसटीने जिल्ह्याला जाते. केसपेपरच्या रांगेत तास जातो. मग कळतं की आज डॉक्टर तालुक्याच्या शिबिराला गेलेत, परवा या. दिवसाची मजुरी बुडालेली, तिकिटाचे पैसे गेलेले. ती पुन्हा जात नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र ‘संदर्भित केले’ अशी नोंद पडते आणि पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, पालक सहकार्य करत नाहीत. हे वाक्य ऐकलं की मी पहिल्यांदा विचारते, त्या आईला पाठवण्याआधी दवाखान्यात फोन कुणी केला होता?

फोन करा. कुठल्या वारी ओपीडी असते, किती वाजेपर्यंत केसपेपर निघतात, कुठल्या खोलीत जायचं, तिथे कुणाला भेटायचं, हे विचारून मराठीत एका कागदावर लिहून आईच्या हातात द्या. पहिल्या भेटीला शक्य तर कुणीतरी सोबत जा. दुसऱ्या दिवशी आईला फोन करून विचारा, काय झालं? पुढची तारीख तिच्याकडे असते तशी तुमच्याकडेही असू द्या.

चिठ्ठीत काय लिहिता यावरही बरंच अवलंबून असतं. ‘मुलगा खोडकर आहे, अभ्यासात लक्ष नाही, कृपया समुपदेशन व्हावे’ यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ओपीडीत त्यांच्याकडे मोजकी मिनिटं असतात. त्याऐवजी असं लिहा:

‘वय १०, इयत्ता पाचवी. जूनपासून आठवड्यातून दोन-तीनदा मारामारी, बहुतेक वेळा मधल्या सुट्टीनंतर. मागच्या वर्षी असं नव्हतं. तोंडी उत्तरं बरोबर देतो, लिहायला सांगितलं की वही बंद करतो. रात्री दचकून उठतो असं आजी सांगते. घरात भांडणं होतात. दसऱ्यानंतर आई-वडील तोडीला जातील. आम्हाला हे कळायला हवं: वाचन-लेखनाची अडचण आहे का, झोपेसाठी काय करायचं, वर्गात आम्ही काय बदलायचं? संपर्कासाठी वर्गशिक्षिकेचा नंबर खाली दिला आहे.’

एवढं लिहायला दहा मिनिटं लागतात, पण या चिठ्ठीला उत्तर येऊ शकतं.

या सगळ्यामागे एक माणूस लागतो. ‘या मुलाचं कोण बघतंय?’ याचं उत्तर ‘आम्ही सगळे’ असं आलं, तर कुणीच बघत नाहीये. पदाने मोठा माणूसच हवा असं नाही. घराला ओळखीचा, फोन उचलणारा आणि वर्षभर तिथेच असणारा हवा. अनेकदा ती आशाताई असते, कधी वर्गशिक्षिका. तिचं नाव घरच्यांना माहीत हवं आणि इतर सगळ्या खात्यांनाही.

वागणं बघितलं, कान बघितला नाही

वर्गात ‘ऐकत नाही’ अशी तक्रार असलेल्या मुलाचा कान वाहत असू शकतो. ‘तंद्री लागते’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याला काही सेकंदांचे फिटचे झटके येत असू शकतात. चिडचिड आणि थकवा रक्त कमी असल्याने असू शकतो. वही बंद करणाऱ्या मुलाला अक्षरं जुळवताच येत नसतील. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, ती आळसाच्या खात्यात टाकू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजेच आरबीएसके, २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायला हवं, आणि पुढची तपासणी जिल्ह्याच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे मुलांच्या लवकर निदान-उपचाराच्या केंद्रात, होते. मात्र पथक येईल तेव्हा बघू म्हणून सहा महिने थांबू नका. कान, डोळे आणि हिमोग्लोबिन ग्रामीण रुग्णालयातही बघून घेता येतं. समुपदेशन त्याच्या बरोबरीने चालू द्या.

एकच गोष्ट मुलाला पाच ठिकाणी सांगायला लावणं

शिक्षिकेने विचारलं, मुख्याध्यापकांनी विचारलं, समुपदेशकाने, संस्थेच्या ताईंनी, मग डॉक्टरांनी. प्रत्येक वेळी मूल तेच सांगतं. तिसऱ्यांदा ते गप्प होतं किंवा समोरच्याला हवं असेल ते बोलायला लागतं. पहिल्याने ऐकलेलं मुलाच्याच शब्दांत, तारीख टाकून लिहून ठेवावं. पुढच्याने ते वाचून मगच मुलाशी बोलावं.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर ही काळजी दुप्पट घ्या. शाळेने आपल्या पातळीवर चौकशी करायची नसते. मूल सांगेल तेवढं शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, आणि ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुळीच देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. ‘आधी घरच्यांशी बोलू, मिटतंय का बघू’ यात मुलाचा जीवही जाऊ शकतो. मुलाला खरं सांगा: तुला सुरक्षित ठेवण्यासाठी मला दोन माणसांना सांगावं लागेल, ती कोण हे मी तुला आधी सांगेन. पोलिसांनी मुलाचा जबाब गणवेशात न येता, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी सहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ती मागून घ्या, कोर्टाचं प्रकरण लांबलं की घराला तिचाच आधार उरतो.

मुलाला पेशंट करून घर तसंच सोडणं

आठवड्यातून पाऊण तास समुपदेशन आणि उरलेला सगळा वेळ तेच घर. आईला झोप नाही, जेवण जात नाही, ती रडते, तर तिचाही केसपेपर त्याच दिवशी काढा. दोघांची तपासणी एकाच फेरीत झाली तर ती येईल. वडिलांच्या दारूबद्दल मुलादेखत बोलू नका, पण तो विषय सोडूही नका. व्यसनाचा उपचार त्याच मानसोपचार विभागात होतो, हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं.

पैशाचा प्रश्नही उपचाराचाच भाग समजा. आई एकटी असेल, वडील वारले असतील किंवा पालक गंभीर आजारी असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा. आईला योजनेचं नाव सांगून सोडू नका, कागद जुळवायला सोबत बसा. मृत्यूचा दाखला किंवा आधारवरच्या नावातली एखादी वेलांटी याच्यावर अर्ज महिनोन्महिने अडतात.

घरी अडचण दिसली की ‘याला वसतिगृहात टाका, बालगृहात टाका’ असा सल्ला फार लवकर दिला जातो. बाल न्याय कायद्याने संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. आजी, मावशी, काका यांच्यापैकी कुणाला थोडा आधार दिला तर मूल घरी राहील का, हे आधी तपासा. मुलाला घरी मार किंवा अत्याचाराचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा थांबू नका, १०९८ ला किंवा बालकल्याण समितीला कळवा.

हंगाम विसरणं

मराठवाड्यातल्या मुलांच्या उपचाराच्या कितीतरी योजना इथे मोडतात. उपचार ऑगस्टमध्ये सुरू होतो, मूल जरा सावरतं, आणि दसरा-दिवाळीला ऊसतोड मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी येते. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे दोघांनाही जावंच लागतं. मूल सोबत गेलं तर सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातल्या उसाच्या फडावर, कोपीत म्हणजे पाचटाच्या झोपडीत. मागे राहिलं तर आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. मार्च-एप्रिलपर्यंत हेच. फिटची गोळी मध्येच अचानक बंद झाली तर झटके वाढू शकतात, आणि फडावर हे सांगणारं कुणी नसतं.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, टोळी कधी निघणार, कुठल्या कारखान्याला? ते केसपेपरवर लिहायला लावा. निघण्याच्या दोन आठवडे आधी एक भेट ठरवा, जास्त दिवसांची गोळी मिळते का ते डॉक्टरांना विचारा, औषधाच्या कागदाचा स्पष्ट फोटो आई आणि आजी दोघींच्या फोनमध्ये ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचं नाव शोधून द्या. शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येईल. मूल मागे राहणार असेल तर आई-वडिलांशी फोनवर बोलण्याची वेळ ठरवून द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. फडावरूनही लागतो.

ग्रुपवर टाकणं

‘अमुकच्या मुलाची केस, कुणी मदत करेल का?’ असा मजकूर फोटोसकट गावाच्या ग्रुपवर जातो. हेतू चांगला असतो, पण मुलाचं नाव गावभर होतं आणि घर पुढच्या मदतीला दार उघडत नाही. मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. ज्याला ज्या कामासाठी जेवढं हवं तेवढंच सांगा. वर्गात पुढच्या बाकावर बसवायचं असेल तर वर्गशिक्षकाला घरातल्या भांडणांचा तपशील लागत नाही.

मरणाची भाषा ऐकून तारखेची वाट बघणं

‘मला जगायचं नाही’ हे मूल म्हणालं, लिहिलं किंवा मित्राकडून कळलं, की पुढच्या बुधवारच्या ओपीडीची वाट बघायची नाही. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंय का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी घरी जाऊन फवारणीचं औषध, उंदराचं औषध आणि घरातल्या गोळ्या कुलपात किंवा घराबाहेर ठेवायला लावा. आपल्या गावांत हे डबे बाजेखाली किंवा देवळीत असतात, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. मग त्याच दिवशी दवाखाना. काही घेतलंच असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा आणि डबा सोबत न्या. पोलीस केसच्या भीतीने घरचे लपवतात. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

बदली झाली, फाइल कपाटात

समुपदेशक कंत्राटी असतात, शिक्षकांच्या बदल्या होतात. नवा माणूस येतो तेव्हा कपाटात जाड फाइल असते आणि ती कुणी वाचत नाही. प्रत्येक मुलासाठी फाइलच्या वर एकच पान ठेवा: घरी कुणाशी बोलायचं, कुठलं औषध चालू आहे, पुढची तारीख कधी, काय केल्याने मूल शांत होतं, काय केल्याने भडकतं, टोळी कधी परत येणार. जाणाऱ्या माणसाने ते पान हातात देऊन नव्या माणसाला घरी नेऊन भेटवावं, आणि हे कार्यमुक्तीच्या आदेशाआधी व्हावं.