पहिला साप घरी आणताय? टँक लावताना या चुका टाळा

पहिला साप म्हणून बहुतेक लोक बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, घेतात आणि ते बरोबरच आहे, स्वभावाने शांत, तीन ते पाच फुटांवर जात नाही, घाबरला की चावायच्या ऐवजी वेटोळं करून डोकं आत लपवतो. म्हणून खालचं सगळं त्याच्याच हिशोबाने लिहितोय.

मी अमेरिकेत राहतो, इथल्या मराठी घरांमध्ये हल्ली मुलं हट्ट धरतात आणि मग आईबाबांचे फोन येतात. भारतात असाल तर आधी कायदा बघा. नाग, धामण, मांडूळ, अजगर असले आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि बॉल पायथनसारखा परदेशी साप असला तरी 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विकणारा म्हणतो कागद लागत नाहीत, तर तिथून उठून निघा.

आता सगळ्यात मोठी चूक, साप आणि टँक, म्हणजे त्याला ठेवायची काचेची पेटी, एकाच दिवशी घरी आणणं. आधी कळस मग पाया असला प्रकार आहे हा. दुकानातून सगळं एका गाडीत घालून आणतात, संध्याकाळी घाईघाईत दिवा लावतात, रात्री घरातलं हीटिंग कमी होतं आणि टँकमध्ये किती थंडी पडली ते कुणाला कळतच नाही. टँक रिकामाच एक आठवडा चालवून बघा, सकाळ-रात्रीचे आकडे लिहून ठेवा, आकडे स्थिर झाले की मगच साप आणा. सापाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, जे काही आहे ते तुम्ही लावलेल्या दिव्यावर आहे. गरम कोपऱ्यात बसायची जागा 32-33 सेल्सिअस, थंड बाजू 25-26, आणि रात्रीसुद्धा 22 च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं यंत्र, नसेल तर हीटर लावूच नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. थर्मोस्टॅटशिवाय हीट मॅट (टँकखाली लावायची विजेची गरम चटई) तापतच राहते आणि बॉल पायथन तिच्यावर शांत बसून राहतो, पोट भाजलं तरी उठेलच असं नाही. गरम दगड म्हणून जे विकतात ते तर घेऊच नका. थर्मोस्टॅट असूनही गडबड होते ती प्रोबमुळे, म्हणजे त्याच्या वायरच्या टोकाला तापमान मोजणारा जो तुकडा असतो त्यामुळे, लोक प्रोब टँकच्या आत मातीवर नुसता ठेवून देतात, साप रात्री फिरताना तो ढकलून थंड बाजूला नेतो, मग थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे आणि तो मॅट तापवत बसतो. मॅट काचेच्या बाहेरून खाली असेल तर प्रोब मॅट आणि काचेच्या मध्ये पक्का बसवा. वरून दिवा किंवा सिरॅमिक हीटर आत टांगला असेल तर त्याला जाळी हवीच, हे साप वर चढून दिव्याला विळखा घालतात.

आणि टँकच्या आत चिकटपट्टी कधीही वापरू नका! काचेला चिकटवायचे ते गोल काट्याचे थर्मामीटर असतात ना, ते आकडाही धड दाखवत नाहीत आणि दमट हवेने सुटून खाली पडले की मागचा गोंद सापाच्या खवल्यांना चिकटतो, साप सुटायला धडपडतो आणि कातडी सोलली जाते. तसं झालंच तर ओढू नका, पट्टीच्या कडेने थोडं खायचं तेल सोडत सोडत हळूहळू सोडवा. डिजिटल थर्मामीटर घ्या, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला.

लपायच्या जागेबद्दल लोक फार कंजुषी करतात. पश्चिम आफ्रिकेत हा साप दिवसा उंदीरघुशींच्या बिळात नाहीतर वारुळात असतो, अंग चारी बाजूंनी टेकलेलं असलं की त्याला सुरक्षित वाटतं. म्हणून दोन हाइड, म्हणजे लपायची खोपटी, पाहिजेत, एकसारखे, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि आत शिरल्यावर साप जेमतेम मावेल एवढेच. एकच ठेवला तर त्याला ऊब आणि लपणं यातलं एक निवडावं लागतं, आणि तो लपणंच निवडतो. छोटा टँकच बरा, मोठ्यात घाबरतो, असं दुकानात सांगतात, मला हे पटत नाही. तो घाबरतो ते मोकळ्या जागेला. चार फूट लांब, दोन फूट रुंद टँक घ्या आणि प्लास्टिकची पानं, झाडाची साल, फांद्या टाकून भरून काढा.

थंडीत हीटिंग चालू झालं की घरातली हवा कोरडी होते, त्यात टँकला वरून जाळीचं झाकण, मग आर्द्रता 30 वर येते आणि कात तुकड्या-तुकड्यांत निघते. पाहिजे साधारण 60 ते 70 टक्के. उपाय म्हणून दिवसातून चार वेळा स्प्रे मारतात, त्याने वरची माती ओली राहते आणि पोटाचे खवले सडायला लागतात. त्यापेक्षा जाळीचा बराचसा भाग फॉइलने बाहेरून झाका, दिव्याखालचा भाग सोडून, हवा खेळायला थोडी जागा ठेवा, आणि खाली नारळाच्या सालीच्या तुकड्यांचा जाड थर घालून कोपऱ्यातून पाणी ओता, म्हणजे तळ ओला, वरचा भाग कोरडा. देवदाराचा भुसा अजिबात नको, त्यातलं तेल सापांना बाधतं.

आता साप आल्यानंतरचं. पहिला आठवडा हातात घेऊ नका, खायलाही देऊ नका. त्यानंतरही खात नसेल तर आधी तापमान आणि हाइड तपासा, बॉल पायथन महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, वजन टिकून असेल तर घाबरू नका. सारखा पाण्याच्या भांड्यात बसतोय म्हणजे टँक फार गरम झालाय नाहीतर अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) आहेत, पाण्यात काळे ठिपके दिसतात का बघा. डोळ्यावरची कात राहिली तर नखाने काढू नका, ओलं मॉस (शेवाळ) भरलेला एक डबा ठेवा, पुढच्या कातीत बहुतेक वेळा निघून जाते. तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय, शिट्टीसारखा आवाज येतोय, तोंडाशी बुडबुडे दिसतायत, तर त्याच दिवशी सापांवर उपचार करणारा व्हेट गाठा.

झाकणाला कुलूप लावा, नुसतं झाकण ठेवून वर पुस्तक ठेवणं चालत नाही, साप रात्रभर नाकाने ढकलत राहतो. तरी सुटलाच तर त्या खोलीचं दार लावून खाली टॉवेल कोंबा, फ्रिजच्या मागे, सोफ्याच्या आत, बुटांत, हीटरच्या आसपास आधी बघा, तो फार लांब जात नाही, आणि नाहीच सापडला तर रात्री दाराशी जमिनीवर थोडं पीठ भुरभुरवा, सकाळी तो कुठून गेला ते पिठावरच्या रेषेवरून कळतं.