गेमिंग लॅपटॉप घ्यावा की हलका? आधी वॅट बघा

गेमिंग लॅपटॉप आणि हलका लॅपटॉप यांतला खरा फरक एकाच आकड्यात आहे: मशीन सलग किती वॅट वीज पचवू शकतं. हलक्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि त्याच्यातच बसवलेलं ग्राफिक्स मिळून साधारण १५ ते ३० वॅटमध्ये भागवतात. गेमिंग लॅपटॉपचा प्रोसेसर एकटाच ४५ ते ५५ वॅटच्या वर्गातला असतो, आणि वर वेगळी ग्राफिक्स चिप ६० ते १४० वॅट घेते, सगळ्यात मोठ्या मॉडेलांत १७५ पर्यंत. एवढी वीज पुरवायला विटेएवढा अडॅप्टर लागतो. आत गेलेल्या विजेची शेवटी उष्णताच होते, ती बाहेर काढायला तांब्याचे हीट पाइप, दोन-तीन पंखे आणि जाड बॉडी लागते. वजन, आवाज आणि बॅटरी या तिन्ही तक्रारी इथूनच सुरू होतात आणि ताकदही इथूनच येते. म्हणून पहिला प्रश्न ‘कुठला ब्रँड’ हा नाही. आपल्या कामाला किती वॅट लागतात, हे आधी ठरवायचं.

काम तपासा, अंदाज नको

सध्याच्या मशीनवर तुमचं सगळ्यात जड काम सुरू करा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरचा परफॉर्मन्स टॅब उघडून दहा-पंधरा मिनिटं बघा. रॅम ९० टक्क्यांच्या वर जाऊन मशीन अडखळत असेल, तर तुम्हाला गेमिंग लॅपटॉप नको, जास्त रॅम हवी. प्रोसेसर पूर्ण भरलेला आणि ग्राफिक्स निवांत असेल, तर चांगल्या प्रोसेसरचा हलका किंवा मधल्या वजनाचा लॅपटॉप पुरतो. ग्राफिक्सच १०० टक्क्यांवर अडकलं असेल, तरच वेगळ्या चिपचा विचार करा.

ब्राउझर, ऑफिसची कामं, प्रोग्रॅमिंग, फोटो एडिटिंग, १०८०पी व्हिडिओ यांना वेगळी चिप लागत नाही. ब्लेंडरमध्ये रेंडरिंग, अनरिअल इंजिन, दाविंची रिझॉल्व्हमधले जड इफेक्ट, किंवा एआय मॉडेल स्वतःच्या मशीनवर चालवणं, यांना लागते. गेमचंही तसंच. व्हॅलरंट, माइनक्राफ्ट, रॉकेट लीग असे गेम अलीकडच्या हलक्या लॅपटॉपच्या अंगच्या ग्राफिक्सवरही सेटिंग उतरवून ६० एफपीएसने (सेकंदाला ६० फ्रेम) खेळता येतात. सायबरपंक २०७७ सारख्या गेमला मात्र हलकं मशीन कमीत कमी सेटिंगवरही जेमतेम पुरतं. पुढच्या वर्षभरात खरोखर कोणते गेम खेळणार आहात त्यांची यादी करा. ‘कधीतरी खेळेन’ हे त्या यादीत धरू नका. बहुतेकांची फसगत याच एका शब्दात होते.

व्हिडिओ एडिटिंगमध्ये एक खाचखळगा आहे. अनेक कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या जास्त रंगमाहिती साठवणाऱ्या व्हिडिओ फॉर्मॅटमध्ये शूट करतात. एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ३० आणि ४० मालिकेच्या ग्राफिक्स चिप हा फॉर्मॅट हार्डवेअरमध्ये उलगडू शकत नाहीत, इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स मात्र उलगडतं. आरटीएक्स ५० मालिकेपासून एनव्हिडियाकडेही ही सोय आली. म्हणजे अशा फुटेजची टाइमलाइन इंटेलच्या हलक्या लॅपटॉपवर सुरळीत सरकते आणि महागड्या गेमिंग लॅपटॉपवर, त्यात इंटेलचं ग्राफिक्स चालू नसेल तर, अडखळते, असंही होऊ शकतं. तुमचा कॅमेरा कुठल्या फॉर्मॅटमध्ये रेकॉर्ड करतो, हे खरेदीआधी बघा.

गेमिंगकडे कल असेल तर: चिपच्या नावावर जाऊ नका

इथे ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण चपखल बसते. लॅपटॉपसाठीचा आरटीएक्स ४०६० कंपन्यांना ३५ ते ११५ वॅट यांपैकी कुठल्याही मर्यादेवर बसवता येतो, आणि ४०७० ची मर्यादाही तीच आहे. त्यामुळे बारीक बॉडीत ६० वॅटवर कोंडलेला ४०७० हा पूर्ण वॅटवर चालणाऱ्या ४०६० च्या मागे पडू शकतो. खोक्यावर मात्र मोठा आकडा छापलेला असतो. डेस्कटॉपशी नाव जुळतं म्हणून ताकद जुळत नाही, हेही लक्षात ठेवा: लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये डेस्कटॉपच्या ४०८० ची सिलिकॉन चिप आहे आणि मेमरी २४ जीबीऐवजी १६ जीबी.

कंपनीच्या वेबसाइटवरच्या पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’, म्हणजे ग्राफिक्स चिपची वॅटची मर्यादा, शोधा. मशीन हातात असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये तोच आकडा दिसतो. कंपनीने तो कुठेच दिला नसेल, तर कमी असणार असं समजून चाला.

दुसरा आकडा चिपच्या स्वतःच्या मेमरीचा. आरटीएक्स ४०५० मध्ये ६ जीबी, ४०६० आणि ४०७० दोन्हींत ८ जीबी. नव्या गेमच्या हाय टेक्श्चरला ६ जीबी अपुरी पडते. मग सरासरी एफपीएस बरा दिसतो, पण मधूनमधून झटके बसतात, कारण न मावलेला डेटा संथ सिस्टिम रॅममध्ये ढकलला जातो. ही मेमरी नंतर वाढवता येत नाही.

वजन अडॅप्टरसकट मोजा

जाहिरातीत २.३ किलो लिहिलेला गेमिंग लॅपटॉप बॅगेत तीन किलोच्या पुढे जातो, कारण २३० ते ३३० वॅटचा अडॅप्टर आणि त्याच्या केबल मिळून पाऊण ते एक किलो भरतात. १.२ किलोच्या हलक्या लॅपटॉपबरोबर ६५ वॅटचा छोटा टाइप-सी चार्जर दोनशे ग्रॅमच्या आत मावतो, आणि फोनलाही तोच चालतो.

बरेच गेमिंग लॅपटॉप टाइप-सीवरही १०० वॅटपर्यंत चार्जिंग घेतात. बाहेर फक्त लिखाण, मेल, मीटिंग असेल तर मोठा अडॅप्टर घरी ठेवता येतो, आणि ही सोय खरंच कामाची आहे. मात्र त्या १०० वॅटवर गेम लावलात तर चार्जर जोडलेला असूनही बॅटरी उतरत जाते आणि मशीन वेगही कमी करतं. टाइप-सीचा प्रत्येक पोर्ट चार्जिंग घेतोच असं नाही. स्पेसिफिकेशनमध्ये ‘पॉवर डिलिव्हरी’ हे शब्द आणि वॅटचा आकडा आहे का, ते बघा.

बॅटरीचा हिशेब

‘१२ तास’ हा जाहिरातीतला आकडा सोडून द्या. बॅटरीचे वॅट-अवर भागिले कामाचे सरासरी वॅट, एवढंच गणित आहे. हलका लॅपटॉप ६० वॅट-अवरचा असेल आणि ब्राउझर-लिखाणात ७ वॅट घेत असेल, तर साडेआठ तास. गेमिंग लॅपटॉपची बॅटरी मोठी, समजा ९० वॅट-अवर. पण तेच काम करताना तो १५ ते २० वॅट खातो, म्हणजे साडेचार ते सहा तास. विमानात परवानगीशिवाय नेण्याची बॅटरीची मर्यादा १०० वॅट-अवर आहे, म्हणून सगळ्यात मोठे लॅपटॉपही ९९ च्या आसपास थांबतात. जड मशीनला बॅटरी वाढवून ही कसर भरून काढता येत नाही.

बॅटरीवर गेम हा प्रकार विसरा. तासाभरात चार्ज संपतो, आणि बॅटरीला अडॅप्टरएवढी वीज देता येत नसल्याने ग्राफिक्सचे वॅट बरेच खाली येतात. सॉकेटपासून दूर असताना ताकद जवळपास निम्म्यावर येते असं धरूनच चला.

गेमिंग लॅपटॉप साध्या कामातही दोन-अडीच तासांत बंद पडत असेल, तर बहुधा वेगळी ग्राफिक्स चिप झोपतच नाही. कारणं ठरलेली: मक्स स्विच (स्क्रीन अंगच्या ग्राफिक्सने चालवायची की वेगळ्या चिपने, हे ठरवणारी सोय) ‘फक्त डिस्क्रीट’वर, म्हणजे फक्त वेगळ्या चिपवर, ठेवलेला असणं, किंवा एखाद्या ॲपने किंवा हलत्या वॉलपेपरने चिप धरून ठेवणं. सॉकेटजवळ लक्षात येणारं आणखी एक कारण म्हणजे बाहेरचा मॉनिटर. अनेक मशीनमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट वेगळ्या चिपलाच जोडलेला असतो, त्यामुळे मॉनिटर लावला की पंखे सुरू. उपाय असे: कंपनीच्या ॲपमधून मोड ‘हायब्रिड’ करा, डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर आणा, आणि टास्क मॅनेजरमध्ये वेगळ्या चिपवर कोण बसलंय ते बघून ते ॲप बंद करा. घरी गेम खेळताना उलटं करायचं. मक्स ‘डिस्क्रीट’वर ठेवला की फ्रेम अंगच्या ग्राफिक्समधून फिरून येत नाही आणि एफपीएस वाढतो. गेमिंग लॅपटॉपच घ्यायचा ठरला, तर मक्स स्विच आहे याची खात्री करा.

नंतर बदलता न येणारं

हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ८ जीबी घेऊन नंतर वाढवू, हा मार्ग तिथे बंद. १६ जीबी किमान, चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर ३२. अंगचं ग्राफिक्स याच रॅममधून स्वतःचा वाटा घेतं, त्यामुळे इथली काटकसर दोनदा टोचते. गेमिंग लॅपटॉपमध्ये सहसा रॅमचे दोन स्लॉट असतात. एकच १६ जीबीची पट्टी लावून आला असेल तर तशीच दुसरी लावा. एसएसडी दोन्हींत बहुधा बदलता येते.

स्क्रीनकडे दुर्लक्ष होतं. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये १४४ हर्ट्झ ठळक लिहितात आणि ‘४५ टक्के एनटीएससी’ हे रंगांच्या आवाक्याचं माप बारीक अक्षरात. तसा पॅनेल फिकट दिसतो, रंगाच्या कामाला निरुपयोगी. रंगांसाठी १०० टक्के एसआरजीबी आणि उजेडासाठी किमान ३०० निट्स मागा. खिडकीजवळ बसून काम करणार असाल तर ४००.

हलक्यांमध्ये दोन जाती वेगळ्या आहेत. मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. काम सलग जड झालं की काही मिनिटांत तो वेग कमी करतो, आणि व्हॅलरंटसारखे गेम मॅकवर चालत नाहीत. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला उत्तम, पण जुने प्रिंटर ड्रायव्हर, ऑफिसचं व्हीपीएन, गेमची अँटी-चीट यंत्रणा यांवर अडकू शकतात. आपली सॉफ्टवेअर चालतात का, एकेक करून तपासा.

मग घ्यायचा कुठला?

आठवड्यातले बहुतेक दिवस सॉकेटपासून तीन-चार तास दूर जात असतील, तर हलका घ्या, गेमची हौस असली तरी. रोज न उचललेला गेमिंग लॅपटॉप शेवटी टेबलावरच राहतो, आणि टेबलावरच राहायचं तर तेवढ्याच पैशांत डेस्कटॉप जास्त ताकद देतो. हलका लॅपटॉप आणि घरी साधा डेस्कटॉप ही जोडी म्हणूनच अनेकांना एका महागड्या गेमिंग लॅपटॉपपेक्षा बरी पडते. गेमिंग लॅपटॉप खरा शोभतो तो दोन ठिकाणी राहणाऱ्याला: हॉस्टेल आणि घर, किंवा ऑफिस आणि घर, दोन्हीकडे सॉकेट आहे आणि दोन्हीकडे ताकद लागते.

दीड ते पावणेदोन किलोचे १४ इंची गेमिंग लॅपटॉप, उदाहरणार्थ आसूस झेफिरस जी१४, हा मधला मार्ग. पण तीच उष्णता लहान बॉडीतून निघते, म्हणून कीबोर्ड तापतो, पंख्याचा आवाज वरच्या पट्टीत जातो, आणि तेवढ्याच ताकदीच्या जाड मशीनपेक्षा किंमत जास्त. हेडफोन लावून खेळणाऱ्याला चालतं.

हलक्या लॅपटॉपला थंडरबोल्टने बाहेरचं ग्राफिक्स कार्ड जोडता येतं, पण थंडरबोल्ट ४ च्या ४० गिगाबिटच्या वाटेवर कार्डाची बरीच ताकद वाया जाते. ते करायचंच असेल तर मॉनिटर थेट कार्डाला लावा. त्यापेक्षा जिफोर्स नाऊसारखी, गेम दूरच्या सर्व्हरवर चालवून इंटरनेटवरून दाखवणारी क्लाउड सेवा स्वस्त. १०८०पी ६० एफपीएसला सुमारे २५ एमबीपीएस स्थिर इंटरनेट आणि केबल किंवा ५ गिगाहर्ट्झ वायफाय लागतं.

मशीन घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपायच्या आत अडॅप्टर लावून अर्धा तास सलग जड काम चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये वॅट आणि तापमान बघा. पहिल्या पाच मिनिटांच्या आकड्यांवर जाऊ नका, सगळेच लॅपटॉप सुरुवातीला जोर दाखवतात. प्रोसेसर ९५ अंशांवर टेकून ग्राफिक्सचे वॅट लिहिल्यापेक्षा पुष्कळ खाली येत असतील, तर मशीन परत करा. ठेवायचं ठरलं आणि ते कायम चार्जरवरच राहणार असेल, तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के करून टाका; पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आली की बॅटरी लवकर थकते. वर्ष-दोन वर्षांनी टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा नीट क्लिक होईना, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता धरा: मशीन बंद करा, चार्जर काढा, आणि दाबून बसवायच्या भानगडीत न पडता थेट सर्व्हिस सेंटरला न्या.